'कट' म्हटल्यानंतरचं

दादाने फाइल माउसने पकडली, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या कचरापेटीपर्यंत ओढत नेली आणि बोट उचललं. फाइल टुणकन उडाली आणि मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसली.

त्याने पुन्हा पकडली. या खेपेला माउस टेबलावर असा काही दाबला, की कात्रीचा चहाचा कप बशीत खणखणला. फाइल परत जागेवर.

"काय झालंय याला?"

"काही नाही झालं. मॅक आहे तो," कात्री म्हणाली.

"मॅक आहे म्हणजे काय? पुसत का नाही?"

"ड्राइव्ह विंडोजची आहे, दादा. तुझ्या कॅमेरावाल्याने त्याच्या कॉम्प्युटरवर भरून दिली. मॅक ती वाचतो, दाखवतो, त्यातलं काही हवं असेल तर उचलून आपल्याकडे आणतो. पण तिच्यावर काही लिहीत नाही आणि तिच्यातलं काही पुसत नाही. शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला गेल्यासारखं आहे. बघा हवं तेवढं, रिमोटला हात लावायचा नाही."

एरवी दादा हसला असता. आज हसला नाही. खिशातून चष्मा काढून त्याने नाकावर चढवला आणि फाइलच्या नावाकडे असा बघत बसला, जणू ती त्याला कधीतरी घाबरून स्वतःच निघून जाणार होती. फाइलचं नाव म्हणजे नुसता एक आकडा होता. कॅमेरावाल्यांना नावं द्यायचा कंटाळा.

कात्री हेही काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी जीभ फार चालायची म्हणून दादानेच ते ठेवलं. पुढे ती फिल्मा कापून जोडायच्या धंद्यात पडली आणि नाव असं चिकटलं, की गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर 'कात्रीताई आहेत का' म्हणून विचारत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन जिने चढून तिची ही खोली. खिडकीला जाड काळा पडदा, भिंतीला अंड्यांच्या ट्रेसारखे फोमचे तुकडे, एक मॅक, दोन स्पीकर आणि पाहुण्यांसाठी एकच खुर्ची. त्या खुर्चीवर दादा बसला होता आणि कात्री त्याच्यामागे हाताची घडी घालून उभी होती. खरं तर ती मॅकच्या आड लपली होती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्यांच्या छत्रीच्या कारखान्याला पन्नास वर्षं होत होती. हॉल ठरला होता, पाहुणे ठरले होते, आणि सुरुवातीला दाखवायला म्हणून दादाने कात्रीला फिल्म करायला सांगितली होती. फिल्मचा नायक अर्थातच बाबा. बाबांची छत्री सगळीकडे खपत होती ती एका गोष्टीमुळे. वाऱ्याने उलटी झाली, तरी एक झटका दिला की सुलटी व्हायची, आणि काडी एकही मोडायची नाही. ही सगळी करामत काडीमधल्या एका छोट्या सांध्याची. बाबांनी तो सांधा कसा शोधला, किती महिने डोकं धरून बसले, आणि एका सकाळी तो कसा टेबलावर तयार होता, ही गोष्ट दादाने कामगारांना सांगितली होती, व्यापाऱ्यांना सांगितली होती, शाळेच्या बक्षीस समारंभात सांगितली होती. नातवंडांना तर तो गोष्ट सांग म्हटलं की हीच सांगे. पोरं बिचारी परीची मागत.

आई गेल्याच वर्षी गेली. त्याआधी थोडेच दिवस कॅमेरावाल्याने तिची मुलाखत घेतली होती. मुलाखतीत ती सगळं ठरल्याप्रमाणे बोलली. पण कात्रीची एक सवय होती. इतर संकलक 'कट' ऐकू आलं की पुढचं बघतसुद्धा नाहीत. ही नेमकं तेच आधी बघायची. कॅमेऱ्यासमोर माणसं शहाण्यासारखी बोलतात आणि 'कट' म्हटलं की माणसासारखी, असं तिचं म्हणणं. तर आईच्या बाबतीतही कॅमेरावाला 'कट' म्हणाला, माइक काढायला पुढे आला, आणि कॅमेरा बंद करायला विसरला. त्या चुकून राहिलेल्या तुकड्यात आईने सांगितलं होतं, की सांधा बाबांनी केलाच नाही. तो आत्याने केला.

आनंदाच्या भरात कात्रीने पहिला फोन दादाला केला. हेच तिचं चुकलं. तिला वाटलं, दादा उडेल, ओरडेल, आत्याला हाका मारेल. फोनवर दादा एवढंच म्हणाला, "उद्या येतो." आणि आज आल्या आल्या त्याने विचारलं होतं, "त्याची आणखी कॉपी कुठे आहे?" कॉपी नव्हती. कात्री ड्राइव्ह जोडून तिच्यावरूनच काम करत होती, आणि कॅमेरावाल्याने आपल्याकडचं कधीच काढून टाकलं होतं. आईचं ते बोलणं सगळ्या जगात या एका काळ्या डबीत होतं, आणि ती डबी दादाची होती.

"फिल्ममध्ये नको असेल तर नाही घालत," ती त्याला म्हणाली होती. "तुझी फिल्म, तुझा हॉल."

"फिल्मचं सोड. ते असायलाच नको. उद्या कोणाच्या हाती लागलं म्हणजे?"

"म्हणजे काय होईल? खरं कळेल."

 त्यावर दादाने सरळ माउस हातात घेतला होता.

आता त्याने माउस सोडला आणि फोन बाहेर काढला. दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी टाइप केलं, वाचलं, पुन्हा टाइप केलं. खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं, त्या पंपाचा आवाज वरपर्यंत येत होता.

"हे बघ. इथे लिहिलंय," दादा म्हणाला. "मॅकवरून फॉरमॅट करता येते म्हणे. मग लिहितापण येतं आणि पुसतापण येतं."

"येते की."

"मग मघाशी काय सांगत होतीस?"

"फॉरमॅट म्हणजे धुऊनपुसून कोरी. अख्खी ड्राइव्ह." कात्रीने पुढे वाकून फोल्डर उघडलं. बारीक बारीक चित्रांची रांग आली. शिवणखातं, रंगाची भट्टी, जुने कामगार. आणि आई, खुर्चीत, खिडकीच्या उजेडात, एका पाठोपाठ एक. "कर फॉरमॅट. आईचं एक वाक्य नको ना तुला? मग तिचं सगळंच घालव. ते बटण मी दाखवते तुला, ये."

दादा त्या रांगेकडे बघत राहिला. एका चित्रात आईचे डोळे मिटलेले होते, एकात ती कोणावर तरी हसत होती.

"सगळं नको," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "सगळं कोण म्हणतंय?"

त्याचा आवाज ऐकून कात्रीला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. हा माणूस बाबांसारखा भांग पाडायचा, बाबांसारखाच खोकायचा. बाबा गेले तेव्हा कारखाना डबघाईला आला होता, आणि याने तो बाबांच्या नावावर, बाबांच्या गोष्टीवर परत उभा केला होता. त्याच्या पायाखालची फळीच आता कात्री काढायला निघाली होती. पण म्हणून काय आईचं तोंड दाबायचं? जिवंतपणी दाबलं ते पुरे नाही झालं?

दादा फोनवर वाचतच होता. तो काही मूर्ख माणूस नव्हता, आणि एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की सोडायचा नाही. बहीणभावांत हे एक सारखं होतं.

"हे दुसरं बघ," तो म्हणाला. "एक प्रोग्रॅम मिळतो. तो टाकला की मॅकला विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येतं. काही जात नाही, फॉरमॅट नको, काही नको. हवं तेवढंच पुसायचं. तू या धंद्यात इतकी वर्षं आहेस, तुला हे माहीत नाही?"

कात्री पडद्याकडे बघत राहिली.

"माहीत आहे का नाही?"

"माहीत आहे."

"मग टाक तो."

"होता. या मॅकवर कित्येक वर्षं होता," कात्री म्हणाली. "आज सकाळी काढून टाकला."

दादाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. खुर्ची करकरली.

"म्हणजे मघापासून मशीन ऐकत नाही, मशीन ऐकत नाही, ही सबब होती."

"होय, सबबच होती." हे बोलल्यावर तिला एकदम मोकळं वाटलं. हाताची घडी तिने सोडली, त्याच्या मागून पुढे आली आणि टेबलाच्या कडेवर बसली, दादाच्या अगदी समोर. "आता सबब नाही. मशीन ऐकेल, दादा. मी ऐकणार नाही."

"कात्री."

"नाही."

"मी अजून काही बोललोपण नाही."

"बोल. तरी नाहीच."

दादा उठला. ड्राइव्ह टेबलाच्या टोकाला पडली होती, वायर मॅकमध्ये. "ही ड्राइव्ह माझी आहे. पैसे मी दिलेत. कारखान्यात विंडोजचा कॉम्प्युटर आहे, तिथे दोन मिनिटांचं काम. मी उगाच तुझ्या पाया पडायला आलो, म्हटलं कुठली फाइल ते तू सांगशील. आता कळली मला कुठली ते."

"घेऊन जा की," कात्री म्हणाली. "तुझीच आहे." आणि बोलता बोलता तिने माउस घेतला, आकड्याचं नाव असलेली ती फाइल पकडली आणि कचरापेटीकडे न नेता वर, आपल्या मॅकवर आणून सोडली. स्क्रीनवर एक पट्टी उगवली आणि हळूहळू निळी व्हायला लागली.

"हे काय चाललंय?"

"कॉपी."

"चालत नाही म्हणालीस ना!"

"पुसत नाही म्हणाले. उचलून आणतो, हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. तू पुसण्याच्या नादात होतास, ऐकलं नाहीस."

दादाचा हात वायरवर गेला. कात्री जागची हलली नाही. 

"ओढ," ती म्हणाली. "ओढ ना. पण मग समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये ती गोष्ट सांगताना माझ्याकडे बघून सांग. पहिल्या रांगेत बसणार आहे मी."

दादाने वायर हातात धरून ठेवली. ओढली नाही आणि सोडलीही नाही. पट्टी पुढे सरकत होती.

"तुला काय वाटतं, मी स्वतःपुरतं बघतोय?" शेवटी तो म्हणाला. "आत्यालाच नको आहे हे. विचारलं मी तिला काल. ती म्हणाली, पुसून टाक. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून घेऊनच आलोय. खाली गाडीत बसली आहे."

"आत्याला गाडीत बसवून ठेवलंस? या उन्हात?"

"एसी चालू आहे!" दादा ओरडला, आणि वायर सोडून जिना उतरायला गेला.

आत्या वर यायला बराच वेळ लागला. दर चार पायऱ्यांना ती थांबत होती आणि थांबली की बोलत होती. कठडा डुगडुगतो, सायकलवाल्याने जिन्यात टायर ठेवलेत, पोरीला तळमजल्यावर जागा मिळत नाही का. ती बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. जन्मभर कारखान्याच्या शिवणखात्यात छत्र्यांना कापड चढवलं, आणि आता ऐंशी ओलांडल्यावर दादाच्या घरी राहून सगळ्यांच्या चुका काढायची. दारात येऊन तिने खोली न्याहाळली.

"काय गं ही अंधारकोठडी? उजेडाचं वावडं आहे का तुला?"

"बस, आत्या. पाणी देऊ?"

"पाणी नको. जिने मोज आणि भाडं कमी करून घे." आत्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. दादा दाराशी उभा राहिला. "हं. काय ते पुसायचंय ते पुस आणि मोकळी हो. दुपारी मला झोप लागते."

"मी नाही पुसणार, आत्या."

"का?"

"कारण ते खरं आहे."

"खरं असो नाहीतर खोटं." आत्याने पदराने मान पुसली. "या वयात मला काय त्याचा दागिना करून घालायचाय? इतकी वर्षं गेली, कोणाचं काही अडलं नाही. तो गेला, तुझी आई गेली. आता मेलेल्यांची धुणी कशाला धुवायची? माझीच गोष्ट ना? मग मीच सांगते, पुसून टाक."

"ऐकलंस?" दादा दारातून म्हणाला. आवाजात सुटका होती.

कात्रीला रडू आलं. हिच्यासाठी भांडत होते आणि हीच उलटली. पण तिने डोळे पुसले नाहीत.

"गोष्ट तुझी असेल," ती म्हणाली. "बोलणं आईचं आहे. ती आता परत येऊन बोलणार नाही. तू आईचं काय ते ऐकलंस तरी का?"

"ऐकायचंय काय त्यात? याने सांगितलं मला."

"याने सांगितलं, ते याने सांगितलं. तू ऐक. आणि आधीच सांगून ठेवते, ऐकून झाल्यावर तू पुस म्हणालीस तरी मी पुसणार नाही. तुम्ही दोघं मिळून म्हणालात तरी नाही. कॉपी झाली आहे. ती इथे राहील, आणखी दोन ठिकाणी राहील. पण तू ऐक."

"बघ कशी हट्टाला पेटलीय," दादा म्हणाला.

"दिसतंय मला," आत्या म्हणाली. "लाव."

कात्रीने फाइल उघडली आणि शेवटाकडे नेली. आई स्क्रीनवर आली, खुर्चीत ताठ बसलेली, पाठ केलेलं बोलून दमलेली. 'कट, आजी, छान झालं,' असा कॅमेरावाल्याचा आवाज आला आणि चित्रात त्याची पाठ आली. माइकची पिन काढताना तो खाली वाकला होता, त्याच्या खांद्यावरून आईचा अर्धाच चेहरा दिसत होता.

'बंद केलंस ना रे बाळा?' आई म्हणाली. 'मग आता तुला खरं सांगते. तो सांधा यांनी नाही केला हं. हे नुसते चिडचिड करत होते. वन्संनी केला. संध्याकाळी स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. केसातला आकडा काढला, वाकवला आणि बसवला काडीत. मी दिवा धरला होता. छत्री उलटी केली, झटका दिला, आणि ती सुलटी झाली. आम्ही दोघी हसून हसून वेड्या झालो. सकाळी यांना ते टेबलावर दिसलं. यांनी विचारलंसुद्धा नाही, कोणी केलं म्हणून. वन्सं मला म्हणाल्या, वहिनी, बोलू नकोस, तो उभा राहतोय तर राहू दे. मी तोंड शिवून बसले. बोलायला हवं होतं रे. चुकलंच माझं.'

'आजी, हात वर करा जरा, वायर अडकलीय,' कॅमेरावाला म्हणाला, आणि तिथे चित्र संपलं.

 आत्याने चष्मा काढला, काचा पदराने पुसल्या आणि पुन्हा घातला.

"परत लाव."

कात्रीने परत लावलं. या वेळी आत्या पुढे वाकून ऐकत होती, कान स्क्रीनकडे करून. आई हसून हसून वेड्या झालो म्हणाली तेव्हा आत्याचे ओठ हलले. मग ती मागे टेकली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"चूक आहे हे," ती म्हणाली.

दादा दारातून दोन पावलं पुढे आला. "बघ! मी काय सांगत होतो? आईला शेवटी शेवटी काही नीट आठवत नव्हतं. आत्या स्वतः म्हणतेय..."

"तू गप रे जरा." आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. "आकडा म्हणे! केसातला आकडा एवढा ताण घेईल का? एका झटक्यात सरळ होऊन डोळ्यात गेला असता. पहिल्यांदा आकडाच लावून बघितला होता, तो मोडला. तेवढंच तिच्या लक्षात राहिलं. वहिनीला माणसाचं सगळं कळायचं, लोखंडाचं काही कळायचं नाही."

"मग काय होतं?" कात्रीने विचारलं. तिने टेबलावरचा फोन हळूच उभा केला, कपाला टेकवून, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आत्याने ते बघितलं. बघून तिने पदर नीट केला.

"घड्याळातली स्प्रिंग होती. तुझ्या बापाच्या गजराच्या घड्याळातली. उघडलं ते आणि काढली. तिचा बोटाएवढा तुकडा तोडला. ती पोलादाची, वाकली तरी परत येते. त्याचीच तर सगळी गंमत आहे. पत्र्याच्या दोन चिमट्यांमध्ये ती बसवायची, एक टोक घट्ट, एक टोक मोकळं. दोन्ही टोकं घट्ट केलीस तर काडीच मोडेल." तिचे हात हवेत चालू लागले होते. तिने टेबलावरचा रिकामा लिफाफा ओढून घेतला, त्याची पट्टी दुमडली, मधे बोट घातलं आणि उलटी सुलटी करून दाखवली. "असं. वारा असा आला की हे असं जाणार. मग झटका दिला की परत. तुझा बाप दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर येईपर्यंत झोपला होता, माहीत आहे? गजर वाजलाच नाही त्याचा!"

आणि ती हसली. कात्रीने तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. एवढी म्हातारी बाई, पण तोंड कसं वर्गात चोरून चिंचा खाल्लेल्या मुलीसारखं झालं होतं.

दादा केव्हा टेबलाशी आला ते कोणाला कळलं नाही. तो त्या लिफाफ्याच्या पट्टीकडे बघत होता. जन्मभर त्याने तो सांधा केला होता, लाखांनी केला होता. डोळे मिटून तो त्याचे भाग सांगू शकला असता.

"एक टोक मोकळं," तो हळू म्हणाला.

"मोकळंच पाहिजे."

"आणि खिळ्याचं भोक?"

"त्याचं काय?"

दादा अडखळला. सांध्याच्या पत्र्याला खिळा बसवायला एक बारीक भोक असे, आणि ते सरळ नसे, तिरकं असे. एका बाजूला कललेलं. त्या तिरकेपणासाठी कारखान्यात ड्रिलला खास साचा बसवलेला होता, तो झिजला की नवा करून घ्यावा लागे. दर नव्या इंजिनिअरने येऊन विचारलं होतं, साहेब, हे सरळ केलं तर काय बिघडेल? दादाने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं. बाबांनी काहीतरी विचार केला असेल, त्याला हात लावायचा नाही. खुद्द बाबांना त्याने एकदा विचारलं होतं. बाबा जेवता जेवता उठून गेले होते.

"ते तिरकं का आहे?" दादाने विचारलं.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "अजून तिरकंच करता?"

"सगळी तिरकीच. पहिल्यापासून."

"अरे देवा," आत्या म्हणाली. "त्यात कसलं का नि कसलं काय! मी डावरी ना रे. गिरमिट डाव्या हातात, पत्रा उजव्या हाताने दाबलेला. वहिनीने दिवा हलवला, पत्रा सरकला, भोक तिरकं गेलं. सकाळी दुसरा पत्रा घेऊन सरळ करणार होते. पण मी दूध घेऊन येईपर्यंत तुझा बाप ते उचलून कारखान्यात गेला होता."

दादाने टेबलाची कड धरली. तो सावकाश त्याच कडेवर बसला, कात्रीच्या शेजारी. बराच वेळ तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत होता.

"म्हणजे त्याचा उपयोग काहीच नाही," तो म्हणाला.

"काही म्हणजे काही नाही."

"साच्यावर साचे केले आम्ही."

"मला विचारायचं होतं. मी तिथेच होते, भिंतीपलीकडे, कापड शिवत."

 दादाचा चेहरा लाल झाला होता, लाजेने की रागाने ते कात्रीला कळेना. मग तो एकदम उठला, शर्ट खाली ओढला आणि कारखान्यात माणसांशी बोलायचा तो आवाज लावला.

"ठीक आहे. मग उद्याच इंजिनिअरला सांगतो. भोक सरळ करून टाकायचं."

आत्याने लिफाफ्याची पट्टी टेबलावर ठेवली आणि खुर्चीचे हात धरून उभी राहिली. ती दादाच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"माझ्या सांध्याला हात तर लावून बघ," ती म्हणाली.